लाभ, एक, दोन

गारेगार करायला फारशी अक्कल लागत नाही. पाणी उकळून गार करायचं, त्यात साखर, रंग आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालायचं. मग नरसाळ्यानं ते प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांत भरायचं, मेणबत्तीच्या ज्योतीवर नळीचं तोंड चिकटवायचं आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आडवं झोपवायचं. शाळा भरेपर्यंत ते दगडासारखं होतं. साधं एक रुपयाला, दूध आणि कोको घातलेलं दोन रुपयांना. आमचं घर शाळेच्या फाटकासमोर आहे, एवढंच काय ते माझं व्यापारातलं डोकं. आणि घर तिथे बांधलं सासऱ्यांनी, म्हणजे तेही डोकं माझं नव्हेच.

या गोष्टीला दहाएक वर्षं झाली असतील. फोनवरून पैसे द्यायची सोय अजून आमच्या फाट्यापर्यंत आली नव्हती. पोरं मूठ उघडायची, मुठीत घामानं ओला झालेला रुपया असायचा. तो मी धुवून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. गावातला दुकानदार दहा-वीस रुपयांची चिल्लर घ्यायचा, त्यापुढे हात जोडायचा. "वहिनी, बास. माझाच गल्ला वाजतोय." म्हणून डबा भरत गेला. खरं सांगायचं तर मला तो भरलेला आवडायचा. कुणी बायका बसायला आल्या की मी उगाच तो पायानं सरकवायची आणि "बाई, हलेना की" म्हणायची. तेव्हाची मी अशीच होते. सेहेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि डबा सरकवून दाखवते. आज माझी नात तसं करते तेव्हा ती निदान सहा वर्षांची आहे.

दोन उन्हाळ्यांत एक डबा भरून दुसरा निम्मा झाला. आणि तिसऱ्या वर्षी ऐन फाल्गुनात फ्रीज गेला. बहिणीनं टाकून दिलेला जुना फ्रीज तो. थरथरला, पायरी उतरावी तसा एक आवाज केला आणि गप्प झाला. मेकॅनिक आला, मागचं झाकण काढून बराच वेळ आत बघत बसला आणि म्हणाला, "ताई, आता यात कपडे ठेवा."

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. पंधरा दिवसांवर आली होती. वर्षभरात मी जेवढं गारेगार विकते त्यातलं निम्मं त्या दोन दिवसांत जातं, कारण तेव्हा पोरांच्या हातात मामा-काकांनी दिलेले पैसे असतात आणि ऊन मी म्हणत असतं. मालक म्हणाले, कांद्याचे पैसे आले की नवा फ्रीज घेऊ. कांद्याचे पैसे वैशाखात येणार. यात्रा झाल्यावर फ्रीज घेऊन मी करू काय, त्यात कपडेच ठेवायचे ना?

पारनेरला एकजण आपलं आइस्क्रीमचं दुकान बंद करणार असल्याचं कळलं. त्याच्याकडे दोन झाकणांचा मोठा फ्रीझर होता. त्यात माणूस झोपेल एवढी जागा. मी एका झाकणातून दुसऱ्या झाकणापर्यंत हात घालून बघितला आणि मनात हिशेब केला, सहाशे नळ्या एका वेळी. साडेदहा हजार म्हणाला. पाचशे विसार दिला. तो म्हणाला, "राहिलेले दहा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणा. शनिवारी सकाळी एक पेढेवाला येणार आहे, नाहीतर मी त्याला देऊन टाकीन. आणि ताई, चिल्लर नको हां. मी दुकान आवरतोय, चिल्लर घेऊन काय पोरांचे सागरगोटे करू?"

माझी कुठे तरी ओळख काढलेली दिसत होती.

म्हणून त्याच दिवशी बँकेत गेले. माझं खातं होतं तिथे, त्यात तीनशे बारा रुपये होते. कॅशियर तिशीचा, बाहेरगावचा मुलगा. काचेच्या मागून म्हणाला, "आणा की मावशी, चिल्लर आम्ही घेतो. पण सुटी ओतू नका इथे. शंभर-शंभरची पाकिटं करा, एकची वेगळी, दोनची वेगळी. आतलं दिसेल अशी पिशवी घ्या."

मावशी म्हणाल्याचा राग मी पुढच्या वाक्याला विसरले. आतलं दिसेल अशी पिशवी! माझ्या घरात गारेगारच्या नळ्यांचे गठ्ठे पडलेले. रुपया त्या नळीत असा बसतो, जणू कारखान्यानं माप घेऊन काढला. शंभर रुपये भरले की वीतभर लांबीची चंदेरी कांडी होते. दोन्ही तोंडं मेणबत्तीवर चिकटवली की झालं. ही युक्ती मला सुचली याचा मला इतका आनंद झाला की बसमध्ये मी एकटीच हसत होते.

आता माझी मोजायची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर बेलापूरचं. पाटाच्या पाण्याचा मुलूख. पण आम्हाला शेती नव्हती, वडील साखर कारखान्यात कामाला होते. धान्य आम्ही दुकानातून किलोनं आणायचो. लग्न होऊन पारनेर तालुक्यात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची, दहावी पास, गणितात अठ्ठ्याहत्तर मार्क. हे मार्क मी सासरी इतक्यांदा सांगितले होते की दीर मला "ए अठ्ठ्याहत्तर" म्हणून हाक मारायचे. पहिल्याच सुगीला सासूबाईंनी, आमच्यात आत्याबाई म्हणतात, मला ज्वारीच्या राशीपुढे बसवलं आणि हातात पायली दिली. मी राशीत पायली घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, राशीला एक म्हनत्यात का? आधी लाभ म्हन, मंग मोज."

धान्याला एकुलतं एक म्हणायचं नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, बरकत राहते. मला ते फार आवडलं. मी पहिली पायली पोत्यात ओतली, "लाभ". दुसरी ओतली, "एक". तिसरी ओतली, "दोन". आत्याबाई तोवर उठून गाईला पेंड घालायला गेल्या होत्या. त्या दिवसापासून मी काहीही मोजायला घेतलं की असंच मोजते. लाभ, एक, दोन. दहावी पास असून घरची रीत पाळते म्हणून स्वतःचं कौतुकही करायची.

तर तीन दुपारी मी नाणी मोजत बसले. आत्याबाई समोर वाती वळत बसायच्या. त्यांची सत्तरी उलटलेली, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण डोळे तेव्हा माझ्यापेक्षा चांगले. एकदा म्हणाल्या, "दे की ग थोडं. मीबी मोजते."

"राहू द्या, आत्याबाई. बँकेचं काम आहे. तिथे एक इकडचा तिकडे चालत नाही."

"बरं बाई," म्हणाल्या, आणि वातीचा कापूस जरा जास्तच जोरानं ओढला.

रुपयाच्या बासष्ट नळ्या झाल्या, दोनच्या एकोणीस. सहा हजार दोनशे आणि तीन हजार आठशे. बरोबर दहा हजार. एखाद्याची देवावर श्रद्धा नसती तर त्या दिवशी बसली असती. डब्याच्या तळाशी दोन-चार मुठी रुपये उरले होते, ते मी शाळेतल्या पोरांना सुटे द्यायला ठेवले.

शुक्रवारी सकाळी ऐंशीवर एक नळी दोन गोण्यांत घातल्या. वजन पस्तीस किलो तरी असेल. मालकांनी गोण्या बसमध्ये चढवून दिल्या आणि खाली उतरून म्हणाले, "भंगार विकायला चालल्यासारखी दिसतेस." राखणीला म्हणून आत्याबाई बरोबर. कंडक्टर आला. "सुट्टे द्या, मावशी."

मी शंभराची नोट पुढे केली. "सुट्टे नाहीत."

तेवढ्यात बस खड्ड्यात गेली आणि दोन्ही गोण्या अशा वाजल्या की पुढच्या बाकावरचा म्हातारा जागा झाला. कंडक्टर गोण्यांकडे बघत राहिला.

"खिळं हायेत," आत्याबाई म्हणाल्या.

आठ हजार नाणी पायाशी घेऊन मी सुट्ट्यासाठी त्याच्याशी वाद घातला, पण नळी फोडली नाही. बँकेसाठी मोजलेलं होतं ना ते.

बँकेत पोचायला साडेअकरा झाले. रांग होती. शिपायानं गोण्या काउंटरपर्यंत ओढून दिल्या. मी एक नळी काचेखालून आत सरकवली. कॅशियरनं ती उचलून उजेडात धरली. "मावशी, ही कुल्फी आहे का?"

"गारेगार," मी म्हणाले. रांगेतले हसले. मीही हसले. तोपर्यंत सगळं मजेत होतं.

त्यानं कात्रीनं तोंड कापलं, नाणी टेबलावर ओतली आणि बोटांनी सरासर मोजली. थांबला. परत मोजली. "एकशे एक."

"शंभर," मी म्हणाले.

त्यानं गोणीतून हाताला येईल ती दुसरी मागितली. एकशे एक. मग दोन रुपयांची एक. एकशे एक.

"साहेब, तुम्ही घाईत मोजताय."

"तिन्ही वेळा?"

"होतं असं. सकाळपासून नोटा मोजून डोळ्यांवर ताण येतो. माझं गणित चांगलं आहे, दहावीला अठ्ठ्याहत्तर होते."

हे मी बँकेत, भर रांगेत म्हणाले. आज आठवलं की मला त्या बाईला कोपऱ्यात नेऊन बसवावंसं वाटतं.

कॅशियर चिडला नाही. त्यानं ती नाणी काचेखालून बाहेर ढकलली. "मग तुम्ही मोजा. मला ऐकू येईल असं."

मी पदर खोचला आणि काउंटरवर एकेक नाणं सरकवत मोजायला लागले. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. "लाभ. एक. दोन. तीन. चार…"

"अगं ए. थांब. थांब जरा." आत्याबाई मागच्या बाकावरून उठून आल्या. "काय म्हनलीस?"

"लाभ."

"आन मंग?"

"एक."

"मंग लाभाचा रुपया कुठं गेला?"

मी नाण्यांकडे बघितलं. लाभाचा रुपया तिथेच होता, पहिला, सगळ्यांच्या आधी, कुणीच न मोजलेला.

"लाभ म्हंजीच एक ग बये!" आत्याबाई ओरडल्या. "लाभ, दोन, तीन! एकाच्या जागी लाभ! देवा, ही काय करून बसली!"

आधी शिपाई हसला. मग रांग. कॅशियरनं काचेमागे मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

"तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "आधी लाभ म्हण, मग मोज. असंच म्हणाला होता तुम्ही."

"मंग काय लाभ म्हनून पायली पालथी ठिवून पाया पडायचं हुतं व्हय? लाभ म्हनत म्हनत पहिली पायली टाकायची की! रीत हाय ती. दोनापासनं पुढं सांगायला कशाला पायजे, तू तर दावी शिकलेली."

"मला काय माहीत. बेलापूरला आम्ही किलोनं घ्यायचो."

"इचारायचं की मंग! सत्तावीस वरसं तोंड शिवलं हुतं का?"

त्या काउंटरवर उभं राहून मी सत्तावीस वर्षं मागे गेले. मुंजीला, लग्नाला, बारशाला मी भाताचे तांदूळ मोजून द्यायची. ते कधी कमी पडले नाहीत. कुरडयांचा गहू मी भिजवला की चार शेजारणींना चीक खायला पुरायचा. शेतातल्या बायकांना मजुरीत धान्य मी मोजलं की त्या एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर यायच्या. गावात माझ्याबद्दल म्हणायचे, बाईचा हात सढळ आहे, माहेर बागायती ना. मीही ते ऐकून मान खाली घालायची, लाजल्यासारखी. सत्तावीस वर्षं सगळं गाव मला उदार समजत होतं आणि मला साधं मोजता येत नव्हतं.

"बरं, आता काय करायचं?" मी कॅशियरला विचारलं. "प्रत्येकीत एक जास्त आहे. एकेक काढून घ्या."

"असं नाही करता येत. कुठल्या नळीत एकशे दोन असले तर? नव्व्याण्णव असले तर?"

"नसणार."

"थोड्या वेळापूर्वी तुम्ही म्हणत होता सगळ्यांत शंभर आहेत."

मी काउंटरवरची नाणी गोळा करायला लागले.

"सगळ्या परत मोजून आणा," तो म्हणाला. "सोमवारी या."

"सोमवारी तो फ्रीझर पेढेवाल्याच्या दुकानात असेल, साहेब." आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं, फ्रीज, यात्रा, विसार. रांगेतला एकजण म्हणाला, "अहो, घ्या की मावशीचं." कॅशियरनं घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते. "साडेतीनपर्यंत कॅश चालू आहे. तिकडे कूलरजवळ बसून मोजा. होतील तेवढ्या घेतो."

मी फरशीवर मांडी घातली आणि पहिली नळी फोडून मोजायला हात घातला. आत्याबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "तू मोजायचं न्हाई. तू फाड आन परत भर."

म्हणून दहावी पास बाई नळ्या फाडायला बसली आणि आत्याबाई मोजायला.

त्यांची रीत कडब्याची. कडब्याच्या पेंढ्या एकेक मोजत बसलं तर दिवस जातो, म्हणून पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा धरतात आणि वीस पाचुंदे झाले की शंभर. आत्याबाई जन्मभर कडबा मोजत आलेल्या. त्यांनी नाण्यांच्या ढिगात बोटं घातली की पाचच नाणी वर यायची. चार नाहीत, सहा नाहीत. "लाभ," पहिला पाचुंदा डावीकडे. "दोन. तीन. चार." विसाव्या पाचुंद्यानंतर फरशीवर एक नाणं एकटं उरायचं. ते त्या उचलून पदरात टाकायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. प्रत्येक नळीला बघायच्या.

मी शंभर नाणी परत नळीत भरायची. मेणबत्ती नव्हती, कॅशियरनं रबरबँडांची पुडी दिली. आधी दोनच्या नळ्या घ्या, रक्कम लवकर वाढेल, असं त्यानंच सुचवलं. दहा झाल्या की तो त्यातली एक उघडून मोजायचा. शंभर. पुढच्या दहांतली एक. शंभर. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आजी, बँकेत लागता का कामाला?"

"पगार चिल्लरीत न्हाई ना देनार?"

बँकेत येणारा प्रत्येकजण आम्हाला वळसा घालून जात होता. एक बाई वाकून नाण्यांत दहाचं दिसतंय का बघून गेली. आमच्याच गावचे एक गुरुजी पेन्शनला आले होते, त्यांनी काय चाललंय विचारलं. मी म्हणाले, "जरा तपासतोय." आत्याबाई म्हणाल्या, "हिला एक यीना." गुरुजी समजल्यासारखी मान हलवून गेले. ते गावात पोचायच्या आत गोष्ट पोचली असणार.

भाकरी पिशवीतच राहिली. दीड वाजता मी पाणी आणून दिलं, ते आत्याबाईंनी डाव्या हातानं घेतलं, उजवा मोजतच होता. अडीच वाजता त्यांची मांडी अवघडली, तर पाय लांब करून मोजायला लागल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, थोडं थांबा." तर म्हणाल्या, "तुज्या फ्रीजरसाठी न्हाई मोजत. माज्या घरचं माप लोकात खोटं ठरलं, त्यापाई मोजतीय."

साडेतीनला कॅशियरनं आतून हाक दिली. दोनच्या सगळ्या एकोणीस झाल्या होत्या, रुपयाच्या बावन्न. दहा नळ्या राहिल्या. मी विनवणी केली, आणखी अर्धा तास. तो म्हणाला, "मावशी, माझ्या हातात असतं तर केलं असतं. नऊ हजार झालेत. तेवढे घ्या."

खरं तर त्यानं सरळ नोटा बदलून दिल्या असत्या. तसं म्हणालाही. पण मला पासबुकात आकडा हवा होता. भरायची स्लिप, मग काढायची स्लिप, अंगठा नाही, पूर्ण सही. पासबुकात नऊ हजार जमा झाले आणि लगेच खालच्या ओळीत नऊ हजार गेले. शिल्लक तीनशे बारा. तरी मी ते पान दोनदा उघडून बघितलं.

दुकानात पोचलो तेव्हा तो माणूस भिंतीवरच्या फळ्या उतरवत होता. फ्रीझर बंद करून पुसून ठेवला होता, झाकणावर त्याचं जेवणाचं रिकामं ताट. मी नोटा दिल्या. त्यानं मोजल्या. "हजार कमी आहेत."

मी पिशवीतून दहा नळ्या काढून ताटाशेजारी ठेवल्या.

"ताई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"बँक बंद झाली. या दहाच राहिल्यात. बाकी सगळं नोटांतच दिलंय ना?"

"नाही हो. पेढेवाला उद्या सकाळी सगळे रोख देतोय. तुमचा विसार परत करतो, घ्या." आणि तो खरंच पाकीट काढायला लागला.

पाचशेची नोट बाहेर आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आज हे होणार नाही असंही होऊ शकतं. यात्रेला दहा दिवस होते. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी ताट उचलून बाजूला ठेवलं आणि फ्रीझरच्या झाकणावर बसल्या.

"आजी, उतरा. झाकण दबेल."

"दबू दे. आमचंच हाय."

"अजून तुमचं झालेलं नाही."

"म्हनून तर बसलीय. एक नळी मोज. एकच. कमी निघाली तर उतरते आन घरला जाते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. मग त्यानं वैतागून एक नळी फोडली आणि फळीवर दहा-दहाचे ढीग रचायला लागला. हळू रचत होता, मुद्दाम. दहा ढीग झाले आणि हातात एक रुपया राहिला. तो त्यानं उलटसुलट करून बघितला, मग फळीवर ठेवून माझ्याकडे सरकवला.

"एक जास्त आलाय तुमचा."

"सगळ्यांत आहे," मी म्हणाले.

"मुद्दाम?"

आता इथे खरं सांगायला हरकत नव्हती. आत्याबाई तोंड उघडायच्या बेतात होत्याच, दिवसभरात ती गोष्ट त्यांनी चार जणांना सांगितली होती. पण त्या बाईला, म्हणजे मला, काय झालं कोण जाणे. मी पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या घरची रीत आहे. शंभरावर एक लाभाचा द्यायचा. घेणाऱ्याला बरकत राहते."

ही रीत तेव्हा पाच तासांची होती.

त्या माणसानं दुकानभर नजर फिरवली. त्याच्या दुकानाच्या फळ्या निम्म्या उतरवून झाल्या होत्या, मागच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली. त्यानं तो सरकवलेला रुपया परत उचलला आणि शर्टाच्या खिशात घातला. बाकीचे ढीग ओंजळीनं पिशवीत लोटले आणि न फोडलेल्या नऊ नळ्या त्यावर ठेवल्या. मोजल्या नाहीत.

"टेम्पो आणलाय का?" म्हणाला. "याला चार माणसं लागतील."

आत्याबाई झाकणावरून उतरल्या. माझ्याजवळ येऊन कानात म्हणाल्या, "रीत व्हय?"

"हो."

"कुनाची?"

"तुमचीच."

त्या यावर तोंडाला पदर लावून बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीत नव्वद रुपयांची चिल्लर होती, ती हसताना वाजत होती.

चौकातून टेम्पो आणला. हमालांनी फ्रीझर चढवला, दोरी कमी पडली तर दुकानदारानंच आपल्या खोक्यांची दोरी सोडून दिली. टेम्पोवाल्यानं चारशे मागितले, मी घरी पोचल्यावर मालकांच्या अंगावर टाकले. आत्याबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी मागे, फ्रीझरला धरून उभी. बाजाराच्या गर्दीतून जाताना ओळखीच्या दोघी-तिघींनी हात केला. मीही केला, एका हातानं, कारण दुसऱ्या हातानं झाकण धरलं होतं, खड्ड्यात ते उघडत होतं.

घरी आल्यावर प्लग लावला. फ्रीझर घुरघुरला, मग नीट सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिल्या दोनशे नळ्या भरल्या. मोजल्या नाहीत. आत्याबाईंना मोजायला बसवलं.